टोपलीचा धंदा कोणत्या रकान्यात लिहायचा?

पीएच.डी.चा आराखडा लिहिताना आपल्यापैकी बहुतेक जण शीर्षकात 'आव्हाने' हा शब्द घालतातच. मीही घातला होता. 'दक्षिण रायगडमधील आदिवासी महिला उद्योजक: आव्हाने आणि वाढ' असं माझ्या पहिल्या टिपणाचं नाव होतं. ते वाचून एका ज्येष्ठ संशोधकांनी एवढंच विचारलं, "यातल्या उद्योजक तुला भेटणार कुठे?" तेव्हा प्रश्न जरा खवचट वाटला होता. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत फिरायला लागल्यावर कळलं की माझ्या संशोधनातला पहिला अवघड प्रश्न तोच होता, आणि मी तो ओलांडून थेट 'आव्हानां'वर उडी मारली होती.

पावसाळ्यात महाडच्या बाजारात सकाळी जा. दुकानांच्या पायऱ्यांच्या खाली, गटाराच्या कडेला, फाटकं प्लास्टिक अंथरून कातकरी बाया बसलेल्या दिसतात. पहिल्या पावसानंतर शेवळं आणि त्यासोबत लागणारी काकडं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, नंतर करटोली. कधी टोपलीत चिंबोऱ्या, कधी नदीचे मासे. माल वजनावर नाही, जुडीवर किंवा वाट्यावर विकला जातो. मी प्रश्नावली घेऊन बसले आणि चौथा प्रश्न विचारला: तुमचा व्यवसाय कोणता? मावशी समोरच्या गिऱ्हाइकाला टाकळ्याच्या दोन जुड्या देत, सुटे पैसे कमरेच्या पिशवीत टाकत म्हणाल्या, "धंदा कसला बाय, मोलमजुरी करतो आम्ही."

त्यांच्या हातून त्या क्षणी खरेदी-विक्री चालली होती. भाव त्यांनीच ठरवला होता, माल त्यांचा होता, तोटा झाला तर तोही त्यांचाच. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे हा स्वयंरोजगार आहे. तरी त्या स्वतःला मजूर म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. आजची पोस्ट या विसंगतीबद्दल आहे. तुम्ही पेट देऊन आराखडा लिहायच्या बेतात असाल, तर संकल्पना ठरवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते या टोपलीवरून चांगलं कळतं.

आधी थोडी ओळख. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून नोंदल्या आहेत: कातकरी (काथोडी), कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती सुमारे ११.६ टक्के. कातकरी हे नावच मुळी एका उत्पादनावरून पडलेलं आहे: खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. म्हणजे आज ज्यांना आपण 'उद्योजकता प्रशिक्षण' द्यायला निघतो, त्यांची ओळखच एका वनोद्योगावरून ठरली होती. ब्रिटिश काळात जंगलं राखीव झाली, खैर तोडणं गुन्हा ठरलं आणि तो उद्योग गेला. नाव राहिलं.

जमीन बहुतेकांकडे नाही. गावोगावी 'आदिवासीवाडी' नावाची वस्ती दिसते, पण ती वाडी ज्या जमिनीवर उभी असते ती पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं रायगडच्या कातकऱ्यांवरचं 'फायटिंग इव्हिक्शन' हे २०१३ चं पुस्तक याच प्रश्नावर आहे. या भागात काम करायचं असेल तर ते आधी वाचा. संशोधन आणि वाडीच्या जमिनीची लढाई एकाच वेळी कशी चालू शकते, हेही त्यात दिसतं. आपल्या विषयाशी याचा संबंध सरळ आहे. घराखालची जमीन आपली नसेल, तर भाजी वाळवायला अंगण, माल ठेवायला पडवी, विजेचं मीटर, कर्जाला तारण, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

एकच कोयता, दोन कोड

आता आकडेवारीकडे. आपण सगळे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं श्रमबल सर्वेक्षण वापरतो. त्यात प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा कोड मिळतो. कोड ११ म्हणजे स्वतःचा धंदा एकट्याने चालवणारी व्यक्ती. कोड २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी. कोड ५१ म्हणजे रोजंदारी मजूर. आणि एक कोड आहे ९३: घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी भाज्या, कंदमुळं, सरपण वगैरे गोळा करणारी. हा कोड श्रमबलाच्या बाहेर धरला जातो.

आता बघा. एक बाई सकाळी रानात जाते आणि टोपलीभर कुर्डू खुडून आणते. अर्धी भाजी घरी शिजते, अर्धी महाडला विकली जाते. घरच्या अर्ध्या टोपलीपुरती ती कोड ९३, विकलेल्या अर्ध्या टोपलीपुरती कोड ११. रान तेच, कोयता तोच, पाय तेच. ती कुठे धरली जाईल हे प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला आणि घरात उत्तर कोणी दिलं यावर ठरतं. नवरा उत्तर देत असेल तर ९३ व्हायची शक्यता जास्त.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. हे सर्वेक्षण 'नेहमीची मुख्य स्थिती' काढताना मागच्या ३६५ दिवसांपैकी जास्त काळ माणूस काय करत होता ते बघतं. दुसरं काम किमान ३० दिवस केलं असेल तर ते 'दुय्यम' म्हणून नोंदतात. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. म्हणजे वर्षातला सलग मोठा काळ मजुरीचा. म्हणून ती 'मुख्यतः मजूर' ठरते आणि भाजीचा धंदा दुय्यम. मावशी जे म्हणाल्या, सर्वेक्षणही तेच म्हणतं! फरक एवढाच, की मावशींना दोन्ही कामं माहीत असतात. आपण मात्र मुख्य स्थितीचा तक्ता उतरवून घेतो आणि दुय्यम स्थितीच्या फायली उघडतही नाही. (मी पहिलं वर्षभर उघडल्या नव्हत्या.)

दुसरा आधार आर्थिक गणनेचा. सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशातल्या एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या निघाल्या. त्यात अनुसूचित जमातीच्या स्त्रियांचा वाटा सुमारे ७ टक्के. २०११ मध्ये देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ८.६ टक्के होत्या. म्हणजे वरवर पाहता तफावत फार मोठी नाही. इथेच नवखा संशोधक घसरतो: 'आदिवासी स्त्रिया उद्योजकतेत मागे नाहीत' असं वाक्य लिहून मोकळा होतो. त्याच अहवालात असंही आहे की स्त्रियांच्या आस्थापनांपैकी सुमारे ८३ टक्के आस्थापनांत पगारी माणूस एकही नाही, आणि सुमारे ७९ टक्के स्वतःच्या पैशावर उभ्या आहेत. 'आस्थापना' या शब्दाखाली महाड औद्योगिक वसाहतीतला कारखानाही येतो आणि टाकळ्याची टोपलीही. मोजणीत दोघांना एक-एकच गुण.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधलं साहित्य वाचाल तर तिथे 'मूलनिवासींचा व्यवसाय' याची व्याख्या मालकीच्या टक्केवारीवर असते. कॅनडाच्या सरकारी खरेदीत किमान ५१ टक्के मालकी लागते. ती व्याख्या इथे जशीच्या तशी आणली तर आपली मावशी शंभर टक्के मालक ठरते, कारण टोपली तिचीच आहे. पण टोपलीखालची जागा तिची नाही, आणि टोपलीतला माल जिथून आला त्या रानावरचा तिचा हक्क बहुधा कागदावर नाही. म्हणून मी 'मालकी' हा एक चल मोडून तीन केले: मालाच्या उगमावरचा हक्क, विक्रीच्या जागेवरचा हक्क आणि हातात आलेल्या रोकडीवरचा हक्क. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतं.

रानातला माल कुणाचा?

वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(ग) गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य करतं. शब्द 'मालकी'चाच आहे. २००८ च्या नियमांत मात्र वाहतुकीची व्याख्या अशी होती की डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढंच बसायचं. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट सैल केली आणि वनाबाहेर योग्य त्या वाहनाने माल नेता येईल असं म्हटलं. व्यवसायाच्या वाढीबद्दल लिहिणाऱ्याने हे बारीक बदल वाचलेच पाहिजेत. टेम्पो भरून माल नेता येतो की नाही, यावर धंद्याचा आकार ठरतो.

महाड-पोलादपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुष्कळ प्रबंधांत चुकीची लिहिली जाते. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे आणि पुणे जिल्ह्यांतले काही भाग आहेत, रायगड नाही. त्यामुळे पेसा कायदा इथे लागू होत नाही. पेसाखाली पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. इथे कातकरवाडीला गावाच्या ग्रामसभेत बसावं लागतं, आणि तिथे ती सहसा मूठभर असते. वनहक्काचा दावा त्याच ग्रामसभेतून जायचा. शिवाय या भागात मालकीचं रान बरंच आहे. डोंगरउतारावरची शेवळं कुणाच्या तरी खासगी वरकस जमिनीत उगवतात. तिथे वनहक्क कायद्याचा उपयोग नाही. तिथे चालते ती मालकाची मेहेरबानी. आजवर रानभाजी खुडायला कुणी सहसा हरकत घेतली नाही, कारण तिला किंमत नव्हती. रानभाज्यांचे महोत्सव भरायला लागले, शहरात भाव चढला, जमिनी फार्महाऊससाठी विकल्या जाऊन कुंपणं पडली, की या मेहेरबानीचं काय होतं? हा प्रश्न कुणीतरी नीट अभ्यासायला हवा. माझ्या कक्षेत तो पूर्ण बसत नाही. कुणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देणारी केंद्राची योजना २०१३-१४ पासून आहे. त्या यादीत टाकळ्याच्या बिया आहेत. बाजारात विकली जाते ती टाकळ्याची कोवळी भाजी मात्र नाही. बी साठवता येतं, पोत्यात भरता येतं, व्यापाऱ्याला देता येतं. भाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते. सरकारी योजना टिकणाऱ्या मालासाठी लिहिल्या जातात, आणि या बायकांचा धंदा तर नाशवंत मालावर चालतो.

बसायला जागा

महाड म्हटलं की २० मार्च १९२७ आठवतोच. सार्वजनिक तळ्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न या गावाने देशापुढे ठेवला. बाजारातल्या फूटपाथबद्दल तो प्रश्न आजही आहे, फक्त त्याला ऐतिहासिक वगैरे कुणी म्हणत नाही. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा. त्यानुसार नगरपालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्यायचं. १ जून २०२० ला आलेल्या स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, आणि अट अशी की २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी विक्री करत असलेलं असावं. आसपासच्या खेड्यांतून शहरात येऊन विकणारेही त्यात बसत होते. कागदावर उत्तमच. पण मार्चमध्ये सर्वेक्षक बाजारात फिरला तर त्याला रानभाजीवाली दिसणार कशी? मार्चमध्ये ती भट्टीवर असते.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. तळियेची दरड त्याच दिवशीची. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही तेव्हाच दरडी आल्या. सरकारने नंतर जी मदत जाहीर केली, तिच्यात दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये, आणि टपरीधारकाला जास्तीत जास्त १०,००० रुपये असं धोरण होतं. टोपलीवालीचं नुकसान यात कुठे बसतं? तिची टोपली वाहून गेलेली नसते. तिचा बाजार गेलेला असतो, तोही ऐन जुलैत, जेव्हा वर्षाची रोकड हातात यायची असते. पंचनाम्यात वस्तू मोजतात, बुडालेले दिवस मोजत नाहीत. धोरण-विश्लेषण करणाऱ्यांनी याकडे 'मोजमापाचं एकक' म्हणून पाहावं, म्हणजे नुसतं हळहळणं टळेल.

पोलादपूरकडे महामार्ग हीच बाजारपेठ. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं विकणाऱ्यांना वळणावर हळू होणारी गाडी लागते. कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या घाटातली वाहतूक बोगद्याकडे वळली. प्रवाशाचा वेळ वाचला, हे खरंच. ज्यांचं गिऱ्हाईक घाटाच्या वळणावर थांबत होतं त्यांचं काय झालं, हे मोजायचं तर बोगद्याआधीची आधाररेषा हवी, आणि ती कुणी घेऊन ठेवलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

नफा की मजुरी?

आता हिशेब. खालचे आकडे मी बेतलेले आहेत, पद्धत समजावी म्हणून. समजा एका दिवसाची विक्री ६०० रुपये. जाण्या-येण्याचा खर्च ८०, जागेची पावती २०, चहा-वडापाव ३०. उरले ४७०. प्रश्नावलीत आपण लिहितो: दैनिक नफा ४७० रुपये. छान दिसतं.

पण त्या एका बाजाराच्या दिवसामागे रानात घातलेला आधीचा एक दिवस आहे. म्हणजे दोन दिवसांचे ४७०, दिवसाला २३५. जुड्या बांधायला मुलगी अर्धा दिवस बसली असेल तर अडीच दिवस धरा: दिवसाला १८८. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये आहे. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणत होतो ती प्रत्यक्षात मजुरी आहे, आणि तीही सरकारी दरापेक्षा कमी. "मोलमजुरी करतो" हे मावशींचं उत्तर आता वेगळं वाटतं ना? त्यांनी हिशेब आपल्याआधी केलेला होता.

हे सिद्धांतात बघायचं असेल तर बार्बरा हॅरिस-व्हाइट यांचं छोट्या वस्तु-उत्पादकांवरचं लिखाण वाचा. भारतातले छोटे धंदे संचय करून मोठे होत नाहीत, ते संख्येने वाढत राहतात, असा त्यांचा मुद्दा आहे. एक टोपली मोठी होऊन दुकान होत नाही. एका टोपलीच्या शेजारी दुसरी टोपली येऊन बसते. आपण 'वाढ' म्हणून उलाढाल मोजायला गेलो तर हाती शून्य येतं आणि आपण लिहितो, 'उद्योजकीय मानसिकतेचा अभाव'. कृपा करून हे वाक्य लिहू नका. मी लिहिलं होतं, आणि ते अजून एका परिसंवादाच्या पुस्तिकेत छापलेलं आहे.

खर्चाच्या बाजूला एक बदल मात्र खरा झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. रोख खर्चातला प्रवासाचा भाग मोठा असतो, त्यामुळे हा निर्णय त्यांच्या धंद्यासाठी कित्येक प्रशिक्षणांपेक्षा कामाचा. अर्थात सवलत माणसाला आहे, टोपलीच्या लगेजला नाही. आणि वाडीपर्यंत एसटी येत नसेल तर नाक्यापर्यंत रिक्षा किंवा पायपीट आलीच.

उचल

तिसरा हक्क रोकडीवरचा. गणपती-दिवाळीच्या सुमाराला रानातला माल संपत आलेला असतो, भातकापणीची मजुरीही उरकत येते. तेव्हाच मुकादम उचल घेऊन येतो. ही आगाऊ रक्कम घेतली की कुटुंब भट्टीवर बांधलं जातं. वीटभट्टीवर काम 'जोडी'ने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून करायचं. दर हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. नाव नवऱ्याचं, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. हिशेबात फिटलं नाही तर उरलेली उचल पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये रद्द झाली आहे. ठाणे-रायगड पट्ट्यात श्रमजीवी संघटना, सर्वहारा जन आंदोलन अशा संघटनांनी आदिवासी मजुरांच्या आणि जमिनीच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

आपल्या विषयासाठी यातला कळीचा भाग हा: पावसाळ्यात धंदा करून बाईने साठवलेली रोकड आणि दिवाळीतली उचल, ही एकाच गरजेची दोन उत्तरं आहेत. आजारपण, लग्न, घरावरचे पत्रे, किराणा दुकानातली उधारी. चार महिन्यांची रोकड पुरली तर उचल घ्यावी लागत नाही, किंवा कमी घ्यावी लागते. नाही पुरली तर डिसेंबरमध्ये वाडीला कुलपं लागतात आणि पोरांची शाळा सुटते. त्यामुळे टोपलीच्या धंद्यात दिवसाला पन्नास रुपये जास्त मिळाले की नाही, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

औपचारिक कर्ज नाही असं नाही. आदिवासी स्त्रियांसाठी राष्ट्रीय महामंडळाची सवलतीची योजना आहे, व्याज ४ टक्के. राज्यात ती शबरी महामंडळामार्फत येते. पण जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. जमीन नसलेल्या, भट्टी-भट्टी फिरणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर राहिलेल्या कुटुंबाकडे १९५० आधीचा कागद कुठून येणार? आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणला, महाडपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. एक खेप म्हणजे एक बुडालेला बाजार. मुकादम मात्र वाडीवर येतो, दाखला मागत नाही आणि पैसे त्याच संध्याकाळी देतो. व्याजदरांची तुलना करताना ही बाजू सारणीत धरायला विसरू नका.

शहापूरचं उदाहरण आणि त्यातली पाचर

कातकऱ्यांच्या उद्योगाचं यशस्वी उदाहरण म्हणून शहापूरचं नाव सगळीकडे येतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने, कातकरी तरुणांच्या पुढाकाराने, गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. वनधन योजनेचा आधार मिळाला आणि कोविडच्या काळात गुळवेलीला मागणी चढली तेव्हा डाबर, वैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांच्या कोटीच्या वरच्या ऑर्डरी आल्या. उदाहरण खरं आहे आणि मोलाचं आहे. वनधन केंद्राची रचनाही सांगते: एका केंद्रात १५ बचतगट, साधारण ३०० सभासद, १५ लाखांपर्यंत निधी. योजना १४ एप्रिल २०१८ ला सुरू झाली. १५ नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमनमध्येही असुरक्षित गटांसाठी वनधन केंद्रं आहेत.

पण 'हेच महाड-पोलादपूरला करा' असं म्हणण्याआधी थांबायला हवं. गुळवेल वाळते, साठते, टनावर विकली जाते. शेवळं नाहीत तशी. शिवाय शहापूर मुंबईच्या जवळ आहे आणि तिथला मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आणि ३०० जणांच्या केंद्रात मालक कोण, हा आपला पहिला प्रश्न तिथेही उभा राहतो. गोळा करणाऱ्या हातांत बायका किती, बँकेत सही करणाऱ्यांत किती, कंपनीशी भाव बोलणाऱ्यांत किती? पेरेडो आणि क्रिसमन यांनी २००६ मध्ये समुदाय-आधारित उद्योगाची जी मांडणी केली, तिच्यात समुदाय स्वतःच उद्योजक असतो. तो निबंध वाचाच. मात्र समुदायाच्या आतली बाईची जागा त्यातून आपोआप कळत नाही, ती तुम्हालाच शोधावी लागते.

मग मी काय मोजते आहे

उलाढाल मी अजून लिहून घेते, पण 'वाढ' म्हणून ती धरत नाही. माझा मुख्य चल आता असा आहे: उचल न घेता, वाडीवर राहून, स्वतःच्या विक्रीवर काढलेले आठवडे. गेल्या वर्षी बावीस आणि यंदा सव्वीस, तर ती वाढ. दुसरा: माल स्वतः वाट्याने विकला की सकाळीच व्यापाऱ्याला सगळी टोपली उक्ती दिली. उक्ती दिली की दुपारी घरी जाता येतं, तान्ह्या मुलाला पाजता येतं. भाव मात्र पडतो. त्यामुळे उक्ती विक्री नेहमी 'तोटा' म्हणून लिहू नये, कारण विचारावं. तिसरा: कमरेच्या पिशवीतली रोकड घरी गेल्यावर कुणाच्या हातात जाते.

क्षेत्रकार्याबद्दल काही गोष्टी, माझ्या चुकांतून आलेल्या. फेब्रुवारीत नमुना निवडायला गेलात तर वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतील. मतदार यादीवरून काढलेला तुमचा सुंदर यादृच्छिक नमुना भट्टीवर असेल. दोनदा जा, ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये, आणि जमलं तर एप्रिलमध्ये भट्टीवरही. भट्टीवर मुकादमासमोर उचलीचा आकडा विचारू नका. उत्तर खोटं मिळेल आणि नंतर त्रास त्या घराला होईल. सकाळी आठ ते अकरा विक्रीची वेळ, तेव्हा मुलाखत घेऊ नका. घेतलीत तर त्या बाईचं गिऱ्हाईक तुम्ही अडवताय. वाटा विकत घेऊन मुलाखत मागणंही मला पटत नाही. भाजी घ्यायची तर वेगळ्या दिवशी घ्यावी. आणि कुठली भाजी नेमकी कुठल्या ओढ्याकाठी मिळते, हे कळलं तरी प्रबंधाच्या नकाशात छापू नये. तिच्या धंद्यातलं भांडवल म्हणाल तर तेवढंच आहे.

प्रश्नावलीतला तो चौथा प्रश्न मी काढून टाकला. आता सुरुवात अशी होते: "मागच्या पावसात पहिली टोपली बाजारात कधी नेलीत?" तिथून पुढे आठवडा-आठवडा करत दिवाळीपर्यंत येते, मग भट्टी, मग परत पाऊस. एका मुलाखतीला दीड तास लागतो आणि दिवसाला दोनच होतात. आराखड्यात मी १५० लिहिल्या होत्या. त्या आता ६० केल्या आहेत, आणि समितीपुढे या कपातीचं समर्थन कसं करायचं ते टिपण सध्या लिहिते आहे.